बातमींतील नवरी

कोणत्याहि कथेंत दोषी कोण ठरतो, हें बऱ्याच अंशीं ती कथा कोठून सुरू होते यावर अवलंबून असतें. रामकथा वनवासाच्या आज्ञेपासून सांगावयास घेतली तर कैकेयीवांचून दुसरें कोणी दोषी दिसत नाहीं; तीच श्रावणाच्या मृत्यूपासून सांगितली म्हणजे दशरथाचाहि कांहीं हिशेब निघतो. यासाठीं सांगणारा लबाड असावा लागतो असें नाहीं. तो उशिरा सुरुवात करतो, आणि तेवढ्यानें अपराधी बदलतो. नाटकाच्या अभ्यासकांस हें तत्त्व नवें नाहीं. परंतु ज्या गद्याचा आज सर्वांत अधिक खप आहे आणि ज्यास वाङ्मय म्हणावयास आपण संकोचतों, त्या वर्तमानपत्री बातमीस तें लावून पाहण्याची तसदी समीक्षक क्वचितच घेतात. प्रस्तुत लेखांत अशा एकाच जातीच्या बातमीचा विचार योजिला आहे: दूरच्या मुलखांतून लग्न करून आणलेल्या आणि पुढें निघून गेलेल्या नवरीची बातमी.

ही बातमी मराठी वाचकांच्या पुरत्या ओळखीची आहे. सांगली, कोल्हापूर किंवा सोलापूर या बाजूचा, तिशी उलटलेला एक अविवाहित शेतकरी. मुली पाहून थकलेले आईबाप. मग कोणी मध्यस्थ भेटतो आणि विदर्भांत किंवा मराठवाड्यांत गरिबाघरची चांगली मुलगी आहे असें सांगतो. लाख-दीड लाख रुपये ठरतात, एखाद्या देवळांत लग्न लागतें, आणि आठपंधरा दिवसांनीं नवरी अंगावरच्या दागिन्यांसह नाहींशी होते. मथळ्यांत 'लुटेरी दुल्हन', 'नवरी पसार', 'नवरदेवास गंडा' यांपैकीं कांहीं तरी असतें. छापील पत्रांत ती चार बोटें जागा व्यापते. चित्रवाहिन्यांवर तिला पार्श्वसंगीत मिळतें. भ्रमणध्वनीवर ती गांवोगांव फिरते.

अशा घटना घडतच नाहींत, असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. त्या घडतात, कांहीं टोळ्यांनीं हाच धंदा मांडला आहे, आणि त्यांत एखाद्या गरीब कुटुंबाची वर्षानुवर्षांची शिल्लक व आईच्या गळ्यांतलें सोनें जातें. अशा कुटुंबास न्याय मिळालाच पाहिजे. माझा आक्षेप बातमीच्या खरेपणावर नाहीं, तिच्या रचनेवर आहे. आणि ही रचना सुट्या घटनेवर न थांबतां, परमुलखांतून लग्न होऊन आलेली प्रत्येक मुलगी हा समाजापुढचा एक प्रश्न आहे अशी समजूत कशी रुजविते, तें पाहण्याचा हेतु आहे.

गेल्या वर्षीं पदवीच्या वर्गांत गद्याचा आस्वाद शिकवितांना मीं अशी एक बातमी फळ्यावर लिहून काढली व विद्यार्थ्यांस एवढेंच सांगितलें, "हींत कोण कोण बोलतें तें मोजा." मोजदाद झाली. पोलिस अधिकारी बोलतात, नवरदेव बोलतो, नवरदेवाचा मामा बोलतो, शेजारी बोलतात. जिच्यावांचून बातमीच झाली नसती ती मात्र एक शब्दहि बोलत नाहीं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तिच्या गावाचं नाव आहे, वय आहे, दागिन्यांचं वजन आहे. फक्त तिचं म्हणणं नाही." एवढी नेमकी समीक्षा मला स्वतःला साधली नसती.

हें मौन बातमीदाराच्या दुष्टपणांतून येतें असें समजूं नये. तें त्याच्या उगमांतून येतें. ही हकीकत बातमीदारास पोलिस ठाण्यांत, फिर्यादीच्या कागदावरून मिळते. फिर्यादी हा नवरदेव असतो; आणि जी निघून गेली ती, निघून गेली म्हणूनच, ठाण्यांत हजर नसते. फिर्याद हें एका पक्षाचें म्हणणें आहे हें कायदा जाणतो व न्यायालय तिला तेवढीच किंमत देतें. बातमींत उतरतांना मात्र 'फिर्यादींत म्हटलें आहे' हे शब्द मध्येंच कोठें तरी गळतात आणि आरोपाची हकीकत होते. शिवाय आणखी एक चाळणी येथें लागलेली असते. जी पळाली ती बातमी झाली. जी राहिली, सासरची बोली शिकली, पहांटे उठून म्हशींची धार काढूं लागली, सासूच्या दुखण्यांत उशाशीं बसली, तिची बातमी होत नाहीं. त्यामुळें अशा नवरीचें जें चित्र वाचकाच्या मनांत उभें राहतें, तें सर्वस्वीं निघून गेलेल्यांचें असतें. शाळेंत किती मुलें शिकलीं हें न पाहतां किती पळालीं एवढेंच मोजून शाळेची परीक्षा करावी, तसला हा प्रकार आहे.

आतां शब्दांकडे पाहूं. 'दुल्हन' हा शब्द मराठी नाहीं. मराठींत नवरी आहे, वधू आहे, सून आहे. आणि जिची ही बातमी असते ती पुष्कळदां विदर्भ-मराठवाड्यांतली, मराठीच बोलणारी मुलगी असते. मग मराठी पत्रास तिच्यासाठीं हिंदी पडद्यावरचा शब्द कां आणावा लागतो? कारण 'नवरी' म्हटलें कीं हळदीनें पिवळे झालेले हात, कपाळावरच्या मुंडावळ्या आणि पाठवणीच्या वेळीं तोंडाला पदर लावून रडणारी आई हीं सर्व डोळ्यांपुढें येतात. तो शब्द प्रत्येक घरांतला आहे. त्याला 'लुटेरी' हें विशेषण चिकटत नाहीं. 'दुल्हन' म्हटलें म्हणजे ती मुलगी एका क्षणांत आपल्या घरांतून बाहेर पडून चित्रपटांतील पात्र होते, आणि पात्राविषयीं कांहींहि बोलावयास हरकत नसते. 'पोबारा' आणि 'गंडा' या शब्दांत तर थट्टेचीच छटा आहे. कोणाच्या तरी घरीं त्या दिवशीं चूल पेटली नसेल, याचा मागमूस त्यांत उरत नाहीं. नवरीची चोर म्हणून आणि नवरदेवाची भोळसट म्हणून गंमत होते, व वाचक चहाच्या घोटाबरोबर दोघांसहि गिळून मोकळा होतो.

वस्तुतः लग्न होऊन परक्या गांवीं जाणें ही आमच्या समाजांत अपवादाची गोष्ट नव्हे; ती घरोघरची रीत आहे. २०११ च्या जनगणनेंत या देशांतील स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींवर भरली, आणि स्त्रियांच्या स्थलांतराचें सर्वांत मोठें कारण लग्न हेंच निघालें. या अर्थानें माझी आई, वाचकांची आई आणि संपादकांची आई, सर्वजणी स्थलांतरितच. असें असतां कांहीं नवऱ्याच तेवढ्या सामाजिक प्रश्न कां ठरतात? अंतर हें त्याचें कारण म्हणतां येत नाहीं; पुण्याहून अमेरिकेस जाणारी नवरी सात समुद्र ओलांडते, तरी तिच्यासाठीं कोणी मथळा घडवीत नाहीं. खरा भेद पैशाच्या दिशेचा आहे. पैसा वधूच्या घरून वराच्या घरीं गेला म्हणजे त्यास मानपान, देणेंघेणें अशीं सभ्य नांवें मिळतात. तोच उलट वाहूं लागला कीं 'मुलगी विकली', 'नवरी विकत आणली' अशी भाषा सुरू होते. स्मृतिकारांनीं या दुसऱ्या प्रकारास आसुर विवाह म्हणून खालच्या पायरीवर बसविलें खरें. परंतु महाराष्ट्रांतील अनेक जातींत 'देज' ही उघड व मान्य चाल होती, आणि देज घेणाऱ्या बापास कोणी चोर म्हणत नसे. कायदाहि या बाबतींत वर्तमानपत्रांहून अधिक समदर्शी आहे. १९६१ च्या हुंडाबंदी अधिनियमाची व्याख्या, लग्नाच्या संबंधांत एका पक्षानें दुसऱ्या पक्षास दिलेला ऐवज अशी आहे. तो कोणत्या दिशेनें गेला असला पाहिजे, असें ती म्हणत नाहीं. तेव्हां त्या लाख-दीड लाखाविषयीं पहिला प्रश्न 'पैसे कोणी बुडविले' हा न राहतां 'ते मुळांत कोणी, कोणास व कशासाठीं दिले' हा व्हावयास हवा. बातमींत तो क्वचितच विचारलेला आढळतो.

मराठी वाङ्मयानें मात्र हा प्रश्न पूर्वींच विचारून ठेवला आहे. १८९९ सालीं रंगभूमीवर आलेलें गोविंद बल्लाळ देवलांचें 'संगीत शारदा' घ्या. आजच्या बातमीचा सगळा सरंजाम तेथें हजर आहे. पैशासाठीं मुलगी द्यावयास निघालेला बाप कांचनभट आहे. दोन्हीकडे गोड बोलून सौदा जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित आहे. पैशाच्या जोरावर बायको मिळवूं पाहणारा भुजंगनाथ आहे. आणि जिचें मत कोणी विचारलें नाहीं अशी शारदा आहे. परंतु देवल आपलें नाटक लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं सुरू करीत नाहींत. सौदा शिजत असतो तेथून ते सुरू करतात. म्हणूनच प्रेक्षक भुजंगनाथास हसतो, दीक्षिताचा तिटकारा करतो, कांचनभटावर संतापतो आणि त्याची करुणा शारदेकडे जाते. आतां अशी कल्पना करा कीं, देवलांनीं आरंभीचा सगळा भाग गाळला, आणि शारदा जीव द्यावयास घराबाहेर पडली एवढाच प्रसंग भुजंगनाथाच्या फिर्यादीवरून सांगितला. मथळा काय झाला असता? 'शालू-दागिन्यांसह नवरी पसार.' तींच पात्रें, तोच व्यवहार, तीच मुलगी. केवळ पडदा उशिरा वर गेला.

तथापि हें साम्य येथें थोडें आंवरतें घेतलें पाहिजे. आजच्या बातमींतला नवरदेव भुजंगनाथ नव्हे. तो म्हातारा नसतो, श्रीमंत तर नसतोच. दोनतीन एकर जमीन, डोक्यावर सोसायटीचें कर्ज, आणि नोकरीवाला जांवई हवा असें म्हणून परत गेलेलीं आठदहा स्थळें, अशी त्याची अवस्था असते. २०२४ सालीं आलेल्या 'नवरदेव बी.एस्सी. ॲग्री' या चित्रपटानें शेती करणाऱ्या तरुणाची हीच अडचण विषय म्हणून घेतली. देवलांच्या उपरोधाचा आसूड या माणसावर ओढणें अन्यायाचें होईल. मग या नव्या शारदेंतला भुजंगनाथ कोण? तो शोधावयाचा तर कथा आणखी मागें न्यावी लागते. देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्याच सांगली जिल्ह्यांत २००१ च्या जनगणनेस सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें ८५१ मुली होत्या. शेजारच्या कोल्हापुरांत ८३९. २०११ पर्यंत सबंध राज्याचें प्रमाण ९१३ वरून ८९४ वर घसरलें, आणि बीड जिल्ह्यांत तें ८०७ इतकें खालीं गेलें. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालींच, केंद्राच्या १९९४ च्या कायद्याआधीं केला होता. तरीहि मार्च २०१७ मध्यें मिरजेजवळच्या म्हैसाळ गांवीं गर्भपात करून पुरलेले १९ भ्रूण सांपडले. २००१ सालीं जीं बालकें मोजलीं गेलीं, तीं आज लग्नाच्या वयाचीं आहेत. आणि ज्या मुली तेव्हां मोजावयास उरल्याच नव्हत्या, त्यांच्या जागीं आज दूरच्या जिल्ह्यांतून मुली आणाव्या लागत आहेत.

या नाटकाचा पहिला अंक सोनोग्राफीच्या खोलींत घडतो, दुसरा विदर्भांतल्या एखाद्या कोरडवाहू शेतांत, तिसरा मध्यस्थाच्या घरीं, चौथा देवळांत आणि पांचवा पोलिस ठाण्यांत. बातमी पांचव्या अंकापासून सुरू होते व तेथेंच संपते. आश्चर्य असें कीं, पहिला अंक कोणता हें खुद्द त्या तरुणांस कळलेलें आहे. डिसेंबर २०२२ मध्यें सोलापुरांत लग्नाळू तरुणांनीं नवरदेवाचा पोशाख करून, कांहींनीं घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडकपणें अंमलांत आणा, अशी त्यांची मागणी होती. दुसऱ्या दिवशीं घोडे सर्वांच्या लक्षांत राहिले. मागणी किती जणांच्या राहिली, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

आतां या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाकडे, आमच्या यवतमाळ जिल्ह्याकडे वळूं. हा कापसाचा मुलूख. आणि येथील स्त्रीस वर्तमानपत्रांनीं आधींच दोन नांवें देऊन ठेवलीं आहेत. पहिलें नांव 'आत्महत्याग्रस्ताची विधवा'. जुलै २००६ मध्यें पंतप्रधानांनीं विदर्भाचा दौरा केला व सहा जिल्ह्यांस मदत जाहीर झाली, त्यांत यवतमाळ होता. त्या काळांत 'आत्महत्याग्रस्त' हें विशेषण माणसावरून घराला आणि घरावरून सबंध जिल्ह्याला चिकटलें. सरकारी दप्तरांत मृत्यूचे 'पात्र' आणि 'अपात्र' असे दोन वर्ग झाले. पात्र ठरलेल्याच्या घरीं एक लाख रुपये येत, अपात्र ठरलेल्याच्या घरीं कांहींच येत नसे. ती बाई शेत कसती, कर्ज फेडते, मुलांस शाळेंत धाडते. तरी बातमींत ती उभी राहते ती नवऱ्याच्या मृत्यूच्या आधारानें. जानेवारी २०१९ मध्यें यवतमाळास ९२ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. नयनतारा सहगल यांचें निमंत्रण मागें घेतल्यावर उद्घाटनाचा मान वैशाली येडे या शेतकरी स्त्रीस मिळाला. साहित्याच्या सर्वांत मोठ्या मंचावर या जिल्ह्यांतील कष्टकरी स्त्री स्वतःच्या तोंडानें बोलली, ही गोष्ट लहान नव्हती. परंतु बहुतेक बातम्यांत त्यांच्या नांवाआधीं वैधव्याचें विशेषण आलेंच.

दुसरें नांव 'कुमारी माता'. तेलंगणाच्या सीमेवरील झरी-जामणी तालुक्यांतील आदिवासी, विशेषतः कोलाम मुलींसाठीं तें रूढ झालें. कोलाम ही महाराष्ट्रांतील विशेष दुर्बल म्हणून गणलेल्या तीन जमातींपैकीं एक. कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. बाहेरून कामाधंद्यासाठीं येणाऱ्या पुरुषांनीं लग्नाचें आमिष दाखवावें आणि पदरीं मूल टाकून निघून जावें, अशा या हकीकती. या शब्दाची घडण नीट पाहा. त्यांत मुलगी आहे, तिच्या कुशीतलें मूल आहे, आणि पुरुष नाहीं. 'कुमारी माता' म्हटलें कीं प्रश्न तिचा वाटतो, तिच्या जमातीचा वाटतो. पळून गेलेल्या बापासाठीं असें एखादें सुटसुटीत नांव मराठी पत्रांनीं बनविलें असतें, तर प्रश्न कोणाचा हें वाचकास निराळें दिसलें असतें. येथें पळाला तो पुरुष. पण 'पसार' हा मथळा त्याच्या वांट्यास आला नाहीं.

या दोन नांवांशेजारीं तिसरें ठेवून पाहिलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. पैनगंगेच्या अलीकडे जी कीव करण्याचा विषय असते, तीच पलीकडे गेली कीं संशयाचा विषय होते. कीव आणि संशय या वरवर परस्परविरुद्ध वाटणाऱ्या भावना. परंतु दोहोंचा पाया एकच आहे. दोन्हींकडे ती कांहीं करणारी, ठरविणारी, बोलणारी व्यक्ति नसून समाजाला भेडसावणारी एक बाब असते. इतकेंच नव्हे, पहिली भावना दुसरीस वाट करून देते. 'आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतली गरीब मुलगी' असें वर्षानुवर्षें वाचलेल्या माणसास ती मुलगी स्वस्तांत मिळेल असें वाटूं लागतें; आणि जी स्वस्तांत मिळाली तिच्यावर विश्वास कसा ठेवावा, असें पुढें वाटूं लागतें.

हा अनुभव केवळ आपलाच नाहीं. हरियाणांत, जेथें २००१ सालीं लहान मुलींचें प्रमाण हजारी ८१९ होतें, बाहेरच्या प्रांतांतून आणलेल्या सुनेस 'मोलकी' म्हणतात. म्हणजे मोलानें आणलेली. कित्येक वर्षें नांदल्यावरहि तो शब्द तिची पाठ सोडीत नाहीं. तैवानांत व्हिएतनाम, इंडोनेशिया या देशांतून लग्न होऊन आलेल्या स्त्रियांस पत्रें 'परदेशी नवऱ्या' म्हणूं लागलीं, आणि खोटीं लग्नें, बिघडलेलीं कुटुंबें यांच्याशीं त्यांची सांगड घालूं लागलीं. शिया शियाओ-च्युआन या तेथील विदुषीनें, हा 'सामाजिक प्रश्न' बातम्यांनीं व सरकारी भाषेनें मिळून कसा घडविला, तें दाखवून दिलें. तिनें नुसती टीकाच केली असें नाहीं. १९९५ मध्यें मेइनुंग या खेड्यांत तिनें त्या स्त्रियांसाठीं चिनी अक्षरओळखीचे वर्ग सुरू केले, त्यांना आपलें म्हणणें आपणच मांडतां यावें म्हणून. समीक्षेनें कोठवर जावें याचा हा चांगला धडा आहे.

बातमी ही शेवटीं बातमीच, तिनें असें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. वर सांगितलेल्या तासानंतर एक विद्यार्थिनी मागें थांबली. तिची थोरली बहीण पश्चिमेकडच्या एका जिल्ह्यांत दिलेली. लग्न मध्यस्थामार्फतच जमलेलें. नवरा भला आहे, असें तीच म्हणाली. "पण सर, तिकडे कोणाची नवरी पळाली ना, की त्या आठवड्यात ताईचा फोन सासूजवळ राहतो. दोन वर्षं झाली, ती राखीला आली नाही. ते पाठवायलाच भितात." त्या सासूस मी दोष देऊं शकत नाहीं, तिनें तेंच वाचलें आहे जें आपण सर्वांनीं वाचलें. परंतु जिनें कांहींहि केलें नाहीं अशी एक मुलगी दुसरीच्या बातमीची शिक्षा भोगते आहे, हें खरें आहे. 'चोर सोडून संन्याशास फाशी' ही म्हण आपण विनोदानें वापरतों. येथें ती अक्षरशः घडते. आणि माहेर तोडलेली, नजरकैदेंत ठेवलेली अशी एखादी मुलगी उद्यां खरोखरच दार उघडून निघून गेली, तर? मग बातमीस आणखी एक पुरावा मिळतो. ज्या भीतीनें तिला कोंडलें ती भीति खरी होती असें सर्वांस वाटतें, आणि कोंडण्यामुळें ती गेली असावी ही शंकाहि कोणास शिवत नाहीं.

याच मातींतली कथा दुसऱ्या टोकानें सांगतां येते, हें दाखविणारें उदाहरण सुदैवानें आपल्याजवळ आहे. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' हा चित्रपट शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, डोंगरगांव येथें चित्रित झाला. २०२३ सालीं टोरांटोच्या महोत्सवांत त्यानें पारितोषिक मिळविलें, आणि २०२५ च्या मार्चमध्यें तो येथें प्रदर्शित झाला. त्यांत पळालेली नवरी नाहीं, दरोडा नाहीं, मध्यस्थांची टोळी नाहीं. कापूस पिकविणाऱ्या बापाची शिकणारी मुलगी आहे, आणि पाहुण्यांपुढें पुनः पुनः स्टुलावर बसून नांव, उंची, शिक्षण सांगण्याचा तोच तो सोहळा आहे. पाहणाऱ्यांच्या बाजूनें जी कथा नेहमीं सांगतात, ती सोमलकरांनीं पाहिल्या जाणाऱ्या मुलीच्या बाजूनें सांगितली. बापाची अडचण त्यांत लपविलेली नाहीं, पाहुण्यांस राक्षसहि केलेलें नाहीं. तरीहि प्रश्न मुलगी नसून रीत आहे, हें प्रेक्षकास न सांगतां कळतें. देवलांच्या नाटकानंतर सव्वाशे वर्षांनीं पुनः एकदां पडदा वेळेवर वर गेला.

वर्तमानपत्राकडून नाटकाची किंवा चित्रपटाची अपेक्षा करणें योग्य होणार नाहीं, हें मला मान्य आहे. बातमीदारास सायंकाळपर्यंत मजकूर द्यावयाचा असतो, आणि यवतमाळास जाऊन मुलीच्या आईबापांस भेटण्याइतका वेळ व पैसा त्यास कोणी देत नाहीं. परंतु कांहीं गोष्टी जागेवर बसूनहि विचारतां येतात. महाराष्ट्रांत विवाह मंडळांचें विनियमन व विवाह नोंदणी यांविषयीं १९९८ चा अधिनियम आहे. लग्न जुळविण्याचा धंदा करणाऱ्यानें नोंदणी करावी असें तो सांगतो, व खेड्यांत ग्रामसेवकाकडे लग्नाची नोंद करण्याची सोय आहे. तेव्हां ज्यानें पैसे घेऊन हें लग्न जुळविलें त्याची कोठें नोंद होती काय, आणि लग्नाची नोंद झाली होती काय, हे दोन प्रश्न पोलिस ठाण्यांतच विचारतां येतात. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत फसवणुकीचें ३१८ वें कलम आहे, तसें माणसांच्या व्यापाराचें १४३ वें कलमहि आहे. धाकानें किंवा फसवून मुलगी आणली असेल तर हें दुसरें कलम त्या मध्यस्थास लागूं शकतें. तपास त्या दिशेनें चालला आहे काय, हा तिसरा प्रश्न. नवऱ्या मुलाचें वय व प्रकृति मुलीस खरी सांगितली होती काय, हा चौथा. यांतील एकाचेंहि उत्तर मिळालें नाहीं, तर तें मिळालें नाहीं असें तरी छापावें. तेवढ्यानेंहि वाचकास कळेल कीं, त्याच्या हातांतली कथा पुरी नाहीं.

आणि वाचकांनींहि एक करावें. असा मथळा दिसला म्हणजे वर्गांतल्या त्या मुलीप्रमाणें बोटांवर मोजावें: कोण बोलतें, आणि कोण बोलत नाहीं. खरोखर ठकविणारी स्त्री असेल तर तिचें म्हणणें छापल्यानें ती निर्दोष ठरणार नाहीं; आणि ठकविली गेलेली असेल तर तें छापल्यावांचून तिची बाजू कोणास कळण्याचा दुसरा मार्ग नाहीं. पोलिसांनीं नवरीस शोधून काढलें ही बातमी पुष्कळदां येते. ती सांपडल्यावर काय म्हणाली, ही बातमी त्यामागून यावयास हवी. ती येईपर्यंत ही हकीकत संपली असें संपादकांनीं मानूं नये, आणि वाचकांनींहि मानूं नये.